सरांच्या ऑफिसातले कागद: काय ठेवायचं, कुणाला द्यायचं?

निळी रेघ

माझ्या सरांना जाऊन आठ महिने झाले. ते आर्किटेक्ट होते आणि ३४ वर्षं विद्यापीठात शिकवत होते, त्यातली शेवटची सहा विभागप्रमुख म्हणून. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्यांच्याच ऑफिसात ११ वर्षं काम केलं. परवा त्यांच्या मुलीने ऑफिसची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ताई, जागा तीन महिन्यांत रिकामी करून द्यायची आहे. बाबांच्या कागदांचं काय करायचं ते तूच ठरव. मला त्यातलं कळत नाही, आणि उघडून बघायचं धैर्यही होत नाही."

दोन खोल्या भरून ऐवज आहे. नकाशांच्या गुंडाळ्या मोजल्या तर २०० च्या पुढे गेल्या. ट्रेसिंग पेपर, जुनं ट्रेसिंग कापड, ब्लूप्रिंट, अमोनिया प्रिंट, सगळं आहे. पत्रव्यवहाराच्या फायली, साइटच्या डायऱ्या, लेक्चरच्या टिपणांच्या वह्या, अभ्यासक्रम समितीची इतिवृत्तं, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांवरचे शेरे, स्लाइडचे ट्रे, पुठ्ठ्याची मॉडेल्स आणि एक बूटाचा खोका भरून फ्लॉपी.

मी आवराआवर सुरू केली. नकाशे एकीकडे, पत्रं दुसरीकडे, शिकवण्याचे कागद तिसरीकडे, बिलं आणि फुटकळ चिठ्ठ्या पोत्यात. दुसऱ्या दिवशी एका गुंडाळीतून घडी घातलेलं पत्र पडलं. मी ते पत्रांच्या ढिगात ठेवलं. रात्री घरी ते आठवलं आणि लक्षात आलं, की ते कुठल्या गुंडाळीत होतं हे मला आता सांगता येणार नाही. त्या पत्रात सर लिहितात, "जिना तुमच्या म्हणण्याप्रमाणे हलवला आहे, पण मला तो पटलेला नाही." कुठला जिना? कुणाला? तेव्हापासून हात लावलेला नाही.

यातलं काय जपावं, कसं जपावं, आणि हे घेणारं कुणी असतं का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

दप्तरदार

थांबलात हे फार चांगलं केलंत. मी १९ वर्षं अभिलेखागारात काम करते, आणि घरून आलेल्या संग्रहांचं सगळ्यात जास्त नुकसान पाण्याने किंवा वाळवीने झालेलं मी पाहिलेलं नाही. ते प्रेमाने आवरणाऱ्या माणसांनी केलेलं असतं.

तुमच्या जिन्याच्या पत्रात आमच्या कामाचं मूळ तत्त्व आलं. कागदावरचा मजकूर ही अर्धी माहिती. तो कुणाकडून आला आणि कशाच्या शेजारी होता, ही उरलेली अर्धी. फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने एका व्यक्तीचे किंवा खात्याचे कागद एकत्र ठेवायचे, विषयवार फोडायचे नाहीत, असं ठरवून दिलं. मूळ मांडणी न मोडण्याचा नियम १८९८ च्या डच अभिलेखपालांच्या हस्तपुस्तिकेने पक्का केला. जगभरातली अभिलेखागारं आजही त्याच पायावर काम करतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

खोलीचे फोटो काढा. प्रत्येक कपाट, प्रत्येक खण, टेबलावरचा पसारासुद्धा. मग प्रत्येक गुंडाळीला, फायलीला, खोक्याला नुसता क्रमांक द्या. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि चिठ्ठी नुसती सरकवून ठेवा. चिकटपट्टी नको, टाचणी नको, स्टेपलर तर नकोच. वहीत क्रमांक, कुठल्या खणात होतं, बाहेर काय लिहिलंय, एवढंच नोंदवा. सगळं उघडून वाचायच्या भरीला पडू नका.

आणि ते पोतं फेकू नका.

मोजपट्टी

भावना समजते, पण थोडं व्यवहाराचं बोलतो. माझी स्वतःची २५ वर्षांची प्रॅक्टिस आहे. एका मध्यम इमारतीचे आमच्याकडे ३०० नकाशे होतात, त्यातले २५० मधल्या दुरुस्त्यांचे. प्रत्यक्षात उभं राहिलं त्याचा अंतिम संच, चार चांगले फोटो आणि मोजकी हाती काढलेली स्केचेस ठेवा. बाकी स्कॅन करा आणि रद्दीत द्या. अभिलेखागारांकडे जागा नसते आणि माणसं त्याहून नसतात. सगळंच ठेवा म्हणणाऱ्यांना ते पुढे कुणीतरी सांभाळायचं असतं हे दिसत नाही. आणि बिलं कशाला हवीत हे मला खरंच कळलेलं नाही.

साइटवरचा

बिलं हवीत. वीट कुठल्या भट्टीची, चुना कुठला, किती आणला आणि कधी, हे नकाशात नसतं. ते बिलातच असतं.

दप्तरदार

मोजपट्टी, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कुठलंही अभिलेखागार सगळं घेत नाही. एकाच निविदेच्या पाच प्रती, छापील मासिकं, टाइल कंपन्यांचे कॅटलॉग, कोऱ्या स्टेशनरीचे गठ्ठे आम्हीही काढतो. फक्त आम्ही संग्रह पूर्ण पाहिल्यावर काढतो, आधी नाही. पाच प्रती आहेत असं वाटतं, आणि चौथ्या प्रतीच्या समासात कंत्राटदाराशी झालेल्या भांडणाचा हिशोब पेन्सिलने लिहिलेला निघतो.

मधल्या दुरुस्त्यांबद्दल मात्र तुमच्याशी भांडेन. अंतिम नकाशा काय ठरलं ते सांगतो. का ठरलं, कुणाच्या हट्टापायी ठरलं, त्याआधी काय सुंदर होतं आणि ते का सोडावं लागलं, हे त्या २५० कागदांत असतं. अभ्यासक त्यासाठीच येतात. उभी असलेली इमारत ते जाऊन बघू शकतात.

शून्याधिक

मी आर्किटेक्ट नाही, गणित शिकवतो. पण "कागद फेकू का" या प्रश्नावर आमच्या विषयातली एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रामानुजनची 'हरवलेली वही' बहुतेकांनी ऐकली असेल. ती हरवलेली कुठे होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. ती एका प्राध्यापकाच्या घरी, त्याच्या कागदांच्या ढिगात होती. जी. एन. वॉटसन हे बर्मिंगहॅम विद्यापीठातले गणिती. रामानुजनच्या सूत्रांवर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं, त्यामुळे रामानुजनच्या शेवटच्या वर्षातले कागद त्यांच्याकडे आले असावेत. १९६५ मध्ये वॉटसन वारले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा म्हणून व्हिटेकर नावाचे गणिती वॉटसनबाईंकडे गेले आणि कागद पाहायला मागितले. एका मोठ्या खोलीत जमिनीवर फूटभर थर होता, सगळं एकात एक मिसळलेलं, आणि काही दिवसांत ते जाळायचं ठरलं होतं. वॉटसन काहीच टाकत नसत. त्यामुळे हात घालावा तर गणिताचं पान येई, नाहीतर एखादं भरलेलं बिल किंवा आयकराचा जुना कच्चा हिशोब. अशाच एका हात घालण्यात रामानुजनचे कागद वर आले.

व्हिटेकरांनी ते रँकिन या गणितज्ञांकडे दिले आणि १९६८ च्या डिसेंबरात रँकिननी ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पाठवले. तिथेही ते आठ वर्षं शांत पडून होते. १९७६ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज वॉटसनच्या कागदांचा खोका बघायला गेले आणि त्यांनी ते अक्षर ओळखलं. सहाशेवर सूत्रं. रामानुजन १९२० मध्ये गेला, म्हणजे त्याला ५६ वर्षं झाली होती. मृत्युशय्येवर त्याने ज्या 'मॉक थीटा' फलांवर काम केलं, ती या पानांत आहेत, आणि त्यांच्यावर आजही शोधनिबंध निघतात.

मी हे दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी "काही दिवसांत जाळायचं ठरलं होतं" या वाक्यापाशी माझा आवाज बदलतो.

मोजपट्टी

अंगावर काटा आला. पण पाहा, वॉटसन काहीच फेकत नव्हते म्हणून वही वाचली, आणि काहीच फेकत नव्हते म्हणून ती सापडायला नशीब लागलं. तुम्ही आणि मी दोघंही हाच दाखला वापरू शकतो!

शून्याधिक

मान्य. पण माझा दाखला जाळता येत नाही. :)

शाईचा डाग

मी ४१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कागदांच्या जातीबद्दल लिहितो, कारण नकाशे म्हणजे एकच वस्तू नव्हे.

ट्रेसिंग कापड: हे स्टार्च लावून गुळगुळीत केलेलं सुती कापड असतं. ओल्या फडक्याने पुसू नका. स्टार्च विरघळतो आणि शाईसकट सगळं जातं. पुराच्या पाण्यात भिजलेली अशी एक पेटी मी पाहिली आहे. पांढऱ्या कापडाच्या घड्या तेवढ्या उरल्या होत्या, रेघ एकही नव्हती.

ब्लूप्रिंट: जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली लोहक्षारांची छपाई. उजेडात फिकी पडते. अल्कलीयुक्त कागदात ठेवली तरी फिकी पडते. म्हणून 'आम्लविरहित' असं छापलेला महाग कागद आणला तरी तो अल्कली घातलेला नाही ना, हे विचारून घ्या. तिला साधा उदासीन कागद लागतो.

अमोनिया प्रिंट: या जरा वाईट शेजारी आहेत. त्यांतून निघणारी रसायनं बाजूच्या कागदावर डाग पाडतात, तपकिरी सेपिया प्रिंट तर जास्तच. शक्य असेल तिथे ब्लूप्रिंट आणि मूळ ट्रेसिंगच्या मध्ये कोरा कागद सरकवा. गुंडाळीचा क्रम मोडायची गरज नाही.

जुना ट्रेसिंग पेपर वाळलेल्या पानासारखा तडकतो. गुंडाळी उलगडताना आवाज आला तर तिथेच थांबायचं. अशा गुंडाळ्यांना आधी बंद पेटीत दमट हवा देतात, मग त्या हळूहळू सैल होतात. घरी वाफ द्यायला जाऊ नका.

रबरबँड सगळे काढा, त्याऐवजी रुंद सुती फीत सैल बांधा. सेलोटेप मात्र उपटू नका. ती तज्ज्ञांवर सोडा.

निळी रेघ

शाईचा डाग काका, खूप आभार. एका कापडावर धूळ होती म्हणून मी फडकं ओलं करणारच होते.

शाईचा डाग

मऊ कोरडा ब्रश, मधून कडेकडे. आणि हात धुऊन पूर्ण कोरडे करून मगच.

कमान

आर्किटेक्ट आणि शिक्षक एकाच माणसात असले की काय होतं, याचं मला आठवणारं मोठं उदाहरण म्हणजे लुई कान. १७ मार्च १९७४ ला भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर ते गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते शेवटपर्यंत शिकवत होते. ऑफिस कर्जात बुडालेलं होतं. नकाशे म्हणजे ऑफिसची मालमत्ता, ती एकेक करून विकली जाण्याची भीती होती. शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्याने संग्रह विकत घेतला आणि तो त्याच विद्यापीठाच्या वास्तुकला अभिलेखागारात ठेवला. कानच्या स्वतःच्या हातची ड्रॉइंगच सहा हजारांवर आहेत. शिवाय पत्रव्यवहार आणि मॉडेल्स.

याचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावरचं रूझवेल्ट स्मारक कानने अखेरच्या काळात आखलं होतं. ते बांधलं गेलं आणि खुलं झालं २०१२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी. कागद विखुरले असते तर ते कुणी आणि कशावरून बांधलं असतं?

ओळंबा

संरचना अभियंता म्हणून माझा अनुभव रोकडा आहे. एका जुन्या इमारतीला तडे गेले होते. पाया कसला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मालकांकडे काही नाही, परवानगीच्या फायलीत फक्त मजल्यांचे नकाशे. चार ठिकाणी खणायचं ठरलं, तेवढ्यात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मूळ अभियंत्याच्या कागदांत पायाची एक शीट मिळाली. एका कोपऱ्याखाली जुनी विहीर भरून वर स्लॅब टाकला होता, आणि तो कोपराच खचत होता. आमचं दोन महिन्यांचं काम त्या एका शीटने वाचवलं. ती 'अंतिम संचा'त नव्हती बरं का, मोजपट्टी. साइटवर ऐनवेळी काढलेला पेन्सिलचा तुकडा होता तो.

आणि कागद गेले की काय होतं ते बार्सिलोनातल्या सग्रादा फामिलिया चर्चमध्ये दिसतं. त्याचे आर्किटेक्ट गाउदी १९२६ मध्ये गेले. १९३६ च्या जुलैमध्ये, स्पेनच्या यादवीच्या सुरुवातीला, त्यांची कार्यशाळा जाळली गेली. नकाशे जळाले, प्लास्टरची मॉडेल्स फुटली. नंतरच्या लोकांनी ते तुकडे गोळा केले आणि त्यांच्यावरून भूमिती पुन्हा शोधत पुढची बांधणी केली. काही दशकं हेच चाललं. म्हणून फुटलेलं मॉडेलसुद्धा टाकू नका.

मोजपट्टी

पेन्सिलच्या तुकड्याचं मान्य. तो मी 'प्रत्यक्षात उभं राहिलं त्याचा संच' यातच धरला असता. पण माझ्या ऑफिसात असे तुकडे वेगळे ठेवतो का? नाही. उद्या बघतो.

कसरभक्षक

मधेच एक सूचना. फायली उघडल्यावर चंदेरी किडे पळाले तर ती कसर. कागदाची तिच्याइतकी मन लावून वाचक दुसरी नाही, पान संपवल्याशिवाय सोडत नाही. ती दिसली तर ते खोकं बाकीच्यांपासून लगेच लांब ठेवा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, फवारा तर अजिबात नको. दमटपणा कमी करा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत आणि स्थिर असली की कसर आणि बुरशी दोन्ही आटोक्यात राहतात.

तिरकी रेघ

निळी रेघ, तुझ्याकडे एक मागणं आहे. प्रत्येक नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघ. 'रेखांकन', 'तपासणी' याच्यापुढे आद्याक्षरं असतात. ती कुणाची, हे आज तुला माहीत आहे. तुझ्यानंतर कुणालाही माहीत नसेल. त्याची यादी कर.

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण बायकांचं काम त्या चौकटीतच उरतं. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटची सुरुवातीची जी देखणी चित्रं जगाने पाहिली, त्यांतली बरीच त्याच्या ऑफिसातल्या मॅरियन महोनीच्या हातची आहेत. १९०६ च्या डीरोड्स घराच्या चित्रावर ते महोनीने काढल्याची नोंद राइटच्याच अक्षरात आहे. ती शीट टिकली म्हणून आपण ते ठामपणे म्हणू शकतो. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा आखण्याच्या स्पर्धेची चित्रंही तिचीच, ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वर कमान यांनी कानबद्दल लिहिलं. त्यांच्याबरोबर १९४५ पासून काम करणारी आणि पुढे त्याच विद्यापीठात शिकवणारी अ‍ॅन टिंग हिचे कागदही त्याच अभिलेखागारात आहेत. दोन्ही संग्रह शेजारी उघडले की त्या कामांत तिचा वाटा काय होता हे तिच्या कागदांतून दिसतं.

उलट आर्किटेक्ट आयलीन ग्रे. तिने स्वतःचे बरेचसे खाजगी कागद नष्ट केले. तिच्या ई-१०२७ या घराचं श्रेय कित्येक वर्षं इतरांच्या नावाने फिरत राहिलं.

मिल्का ब्लिझ्नाकोव्ह नावाच्या वास्तुकलेच्या प्राध्यापिकेने १९८५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात खास स्त्री-वास्तुविशारदांचं आंतरराष्ट्रीय अभिलेखागार सुरू केलं. एका शिक्षिकेने ठरवलं, आणि जगभरच्या बायकांचे कागद तिथे यायला लागले.

निळी रेघ

आत्ता जाऊन चार गुंडाळ्यांच्या चौकटी बघून आले (नुसती कड उचलून). तीन ठिकाणी माझीच आद्याक्षरं आहेत. एका ठिकाणी माझ्या अक्षरातल्या रेघेवर सरांनी लाल पेन्सिलने लिहिलंय, "हे बरोबर आहे. मी चुकलो होतो." हे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. शीट सरळ छपाईला गेली असणार.

थोडा वेळ लिहीत नाही.

तिरकी रेघ

❤️

पानगळ

विद्यापीठाच्या बाजूने काही मुद्दे, कारण मी निबंधक कार्यालयात होते.

सरांच्या कागदांत दोन वेगळ्या मालकीच्या गोष्टी मिसळल्या असणार. विभागप्रमुख म्हणून लिहिलेली पत्रं, समितीची इतिवृत्तं, नेमणुकांचे कागद हे संस्थेचे दस्तऐवज आहेत. लेक्चरच्या वह्या, स्वतःचा पत्रव्यवहार, मसुदे हे त्यांचे. वेगळे करायला बसू नका, पण देताना हे सांगा. इतिवृत्ताची संस्थेकडची प्रत गहाळ झालेली असते आणि प्राध्यापकाच्या घरची तेवढी शिल्लक असते, असं मी किमान तीनदा पाहिलं आहे.

दुसरं, विद्यार्थ्यांचे गुण, शेरे, शिफारसपत्रं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस जिवंत आहे. हे फाडून टाकू नका, पण ठरावीक वर्षं बंद ठेवायला सांगा. चांगली अभिलेखागारं अशी मुदत लेखी देतात. ही कल्पना जुनी आहे. लंडनचे आर्किटेक्ट सर जॉन सोन यांनी १८३३ मध्ये संसदेचा कायदा करवून घेऊन आपलं घर आणि संग्रह राष्ट्राला दिला, आणि काही कप्पे मोहोरबंद करून ते १८६६, १८८६ आणि १८९६ मध्ये उघडायला सांगितले. मोठं गुपित काही निघालं नाही, पण लोकांनी तो शब्द पाळला.

तिसरं, दानपत्र. कागदाची मालकी आणि त्यावरच्या मजकुराचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. सरांच्या मुलीला नीट समजावून, दोन्हींबद्दल स्पष्ट लिहून घ्या. सरांना लोकांनी लिहिलेल्या पत्रांचा कॉपीराइट त्या लिहिणाऱ्यांकडेच राहतो.

वहीतलं पान

लेक्चरच्या वह्यांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून. भाषाशास्त्रातले सोस्यूर जिनिव्हात शिकवत. १९१३ मध्ये गेले तेव्हा त्यांचा तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिलेलाच नव्हता. विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी तो १९१६ मध्ये तयार केला, आणि सगळं विसावं शतक त्यावर वाद घालत राहिलं, की सोस्यूर नक्की असंच म्हणाले होते का. १९९६ मध्ये जिनिव्हातल्या त्यांच्या कुटुंबाच्या घराच्या आवारात, झाडं ठेवायच्या काचघरात, त्यांच्या स्वतःच्या हस्तलिखितांचा गठ्ठा मिळाला. ८३ वर्षांनी.

म्हणून सरांच्या वह्या तर हव्याच, पण सरांच्या विद्यार्थ्यांच्या वह्याही मागवा. शिकवणारा काय म्हणाला हे ऐकणाऱ्याच्या वहीत असतं.

शून्य-एक

फ्लॉपींबद्दल. त्या कुठल्याही संगणकात घालून उघडू नका. नुसतं उघडल्यानेसुद्धा तारखा बदलू शकतात. लिहिण्याला अटकाव करणारं उपकरण लावून आधी अख्ख्या फ्लॉपीची बिट-न्-बिट प्रत घेतात, मग त्या प्रतीवर काम करतात. फ्लॉपीवरची चिठ्ठी काढू नका, तिचा फोटो घ्या.

फाइल वाचता आली तरी ती कशात उघडायची हा पुढचा प्रश्न. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, आणि त्यानंतर कितीतरी प्रोग्रॅम आले आणि बंद पडले. सरांनी कुठला वापरला, कुठली आवृत्ती, थर आणि रंग यांची ऑफिसात काय पद्धत होती, हे लिहून ठेवा. लाल रेघ म्हणजे किती जाड, हे फाइलमध्ये नसतं. मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरने २०१३ पासून १९८० ते २००० च्या दरम्यानच्या संगणकीय प्रकल्पांवर प्रदर्शनांची मालिका केली. त्यांनासुद्धा फाइलींबरोबर त्या काळच्या माणसांना गाठून विचारावं लागलं.

वर मोजपट्टी म्हणाले स्कॅन करा आणि फेका. स्कॅन अवश्य करा. पण स्कॅनमध्ये खोडलेल्या पेन्सिलीची खाच दिसत नाही, मागची बाजू बहुधा कुणी घेत नाही, आणि त्या फाइलीही दर काही वर्षांनी हलवत राहाव्या लागतात. कागद अंधारात सोडला तर शंभर वर्षं थांबतो. हार्ड डिस्क थांबत नाही.

तरीही डिजिटल कमी लेखू नका. अँड्र्यू टॅलन हे व्हासर कॉलेजात कलेतिहास शिकवत. २०१० मध्ये त्यांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं लेझरने मोजमाप केलं, अब्जाहून जास्त बिंदू. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते गेले, आणि पाचच महिन्यांनी नोत्र दामला आग लागली. पुन्हा उभारणीत ती मोजमापं कामाला आली.

पाखरू

कुठे द्यायचं यावर कुणी बोलत नाहीये. मोठ्या परदेशी संस्थेने मागितलं तर द्यावं का? माझं मत: नाही. मेक्सिकन आर्किटेक्ट लुईस बरागानचा व्यावसायिक संग्रह १९९५ मध्ये स्वित्झर्लंडला गेला. घर मेक्सिकोत, नकाशे युरोपात. मेक्सिकोतल्या लोकांची ती जखम अजून भरलेली नाही.

कमान

पण पाखरू, ब्राझीलचे आर्किटेक्ट पाउलो मेंडेस दा रोशा यांचं काय? २०२० मध्ये, स्वतः जिवंत असताना, त्यांनी आपला संग्रह पोर्तुगालच्या कासा दा आर्किटेक्तुरा या संस्थेला दिला. ब्राझीलमध्ये आरडाओरडा झाला, कारण ते साओ पाउलो विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवत होते. पण तो त्यांचा निर्णय होता. कागद जिथे टिकतील आणि लोकांना बघता येतील तिथे द्यावेत, एवढंच मला कळतं.

पाखरू

बघायला विमानाचं तिकीट लागत असेल तर 'लोकांना' म्हणजे कुणाला?

दप्तरदार

दोघांचंही बरोबर आहे, आणि हा वाद इथे मिटणार नाही. मी देणाऱ्यांना चार प्रश्न विचारायला सांगते. तुमच्याकडे सूची किती दिवसांत होईल? तोवर संग्रह बंद खोक्यांत पडून राहणार का? विद्यार्थ्याला फी न देता बघता येईल का? संस्था बंद पडली किंवा नको झालं तर संग्रह कुणाकडे जाईल? उत्तरं लेखी घ्या.

संग्रह फोडावा लागलाच तर उघडपणे फोडा. पोर्तुगीज आर्किटेक्ट आल्वारो सिझा यांनी २०१४ मध्ये आपला संग्रह कॅनडातली एक आणि पोर्तुगालमधल्या दोन अशा तीन संस्थांना वाटून दिला. कुठला प्रकल्प कुणाकडे हे ठरलेलं असलं की अभ्यासक हरवत नाही.

मोजपट्टी

सांगितलं होतं ना बघतो म्हणून. आज ऑफिसातल्या मुलांना सांगितलं, साइटवरचे पेन्सिलचे तुकडे आणि ऐनवेळचे बदल तारीख टाकून त्या त्या प्रकल्पाच्या फायलीतच ठेवायचे. एकाने विचारलं, "सर, किती वर्षं?" मी उत्तर दिलं नाही.

निळी रेघ

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

२३१ गुंडाळ्या, ८८ फायली, ४० वह्या, १७ मॉडेल्स. सगळ्याला क्रमांक पडले. पोतंही ४११ क्रमांकाने यादीत आहे. आमच्या जुन्या बॅचचे सहा जण दर रविवारी येत होते. आद्याक्षरांची यादी झाली, २९ जण निघाले, त्यातल्या चौघांचीच नावं लागायची आहेत. वहीतलं पान यांच्या सूचनेवरून वर्गातल्या वह्या मागवल्या, ११ आल्या. एकाच लेक्चरच्या तीन वह्यांत तीन वेगवेगळी वाक्यं आहेत आणि तिन्ही सरांचीच वाटतात.

एका विद्यापीठाचं अभिलेखागार संग्रह घ्यायला तयार आहे. त्यांच्या बाई येऊन दोन दिवस बसल्या. दप्तरदार यांचे चारही प्रश्न विचारले, उत्तरं लेखी मिळाली. गुणपत्रिका आणि शेरे ५० वर्षं बंद राहतील. सरांच्या मुलीने दानपत्रावर सही केली, आणि मग पहिल्यांदाच ऑफिसात आत येऊन खुर्चीवर बसली.

जिना सापडलेला नाही.

एक नवा प्रश्न. आतल्या खोलीची भिंत कपाट हलवल्यावर उघडी पडली. तिच्यावर सरांनी पेन्सिलने एका खिडकीच्या चौकटीचा तपशील काढला आहे, खऱ्या मापाचा, पूर्ण उंचीचा. सुताराला समोर उभं करून काढला असणार, बाजूला बेरजा आहेत. पुढच्या आठवड्यात जागेला रंग लागणार आहे. भिंत तर नेता येत नाही.

ओळंबा

इंग्लंडमधल्या यॉर्क आणि वेल्स या गावांच्या कॅथेड्रलमध्ये मध्ययुगातल्या पाथरवटांनी वरच्या खोलीच्या प्लास्टरच्या जमिनीवर कोरून काढलेले खऱ्या मापाचे नकाशे अजून आहेत. तुमच्या सरांनी तीच रीत पाळली म्हणायची. जपाच.

शाईचा डाग

पॉलिएस्टर फिल्मचा रोल आणा, भिंतीवर वरून सोडा. टेप लावायचीच तर पेन्सिलीच्या रेघांपासून वीतभर लांब. मऊ पेन्सिलने माग काढा, दाब देऊ नका. बेरजासुद्धा उतरवा, खोडलेल्याही.

दप्तरदार

त्याआधी फोटो. दिवे बंद करून एकच दिवा भिंतीला घासून एका बाजूने धरा, म्हणजे पेन्सिलीची खाच आणि पुसलेल्या रेघा उठून दिसतील. मग दुसऱ्या बाजूने. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी.

मोजपट्टी

मी येतो. :)

निळी रेघ

या, खरंच या. शनिवारी सकाळी नऊला. फिल्मचा रोल आणलाय, दिवा आणि पाच मीटरची टेप लागेल.